एकशे चाळीस पावलं

१

हरणी खाणीच्या तळाशी पडली होती. वर कड्याच्या अगदी काठाला, एका दगडाशेजारच्या झुडपावर सात नंबरचा झेंडा लटकत होता, अर्धा केशरी, अर्धा पांढरा. त्या झेंड्याचं तिथे काहीही काम नव्हतं.

हरणी म्हणजे माझ्या भाचीची नणंद. पळते म्हणून सगळे हरणीच म्हणतात. त्यांच्या घराला ओरिएंटियरिंग नावाच्या खेळाचं वेड आहे. हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं, रानात लावलेले झेंडे क्रमाने शोधायचे, प्रत्येक झेंड्याला बांधलेल्या पंचने आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि धापा टाकत परत यायचं. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांना सुट्टीच्या दिवशी मुद्दाम हरवायला आवडतं, त्याला मी काय करणार? भाचीचे सासरे या रानाचे नकाशे काढतात आणि झेंडे लावतात, नवरा स्पर्धेचा सेक्रेटरी आहे आणि नणंद सलग सहा वर्षं विजेती. दर वर्षी शनिवार-रविवार तंबू ठोकून अख्खं घर रानात मुक्कामाला असतं.

मी मोजणी खात्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजल्या, त्यामुळे रानाचं मला कौतुक उरलेलं नाही. पण यंदा भाची म्हणाली, "मावशी, तू पण चल ना. त्यांच्यात मला अजून पाहुण्यासारखं वाटतं." बहीण गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती. तेव्हापासून मीच तिला वाढवलं. लग्नाला पाच वर्षं होऊनही तिला पाहुण्यासारखं वाटतं, हे ऐकल्यावर माझा पाय घरात राहिला नाही.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला आरडाओरड झाली. भाची नर्स आहे. दोरीला धरून खाणीत सगळ्यांत आधी तीच उतरली आणि अँब्युलन्स येईपर्यंत हरणीचं डोकं दोन्ही हातांत धरून बसली. हरणी जिवंत होती. कंबरेचं हाड मोडलं होतं आणि शुद्ध जात-येत होती. वर जमलेले पन्नास-साठ लोक त्या झेंड्याकडे बघत होते. हा इथे आला कसा, हे विचारायची हिंमत कुणाला होत नव्हती.

तेवढ्यात माझे व्याही, म्हणजे हरणीचे वडील, गर्दीतून पुढे आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"झेंडा मीच लावला," ते म्हणाले. "माझी चूक. मी विसरलो."

२

दुपारपर्यंत सगळ्या तंबूंमध्ये एकच वाक्य फिरत होतं. म्हाताऱ्याचं डोकं चालेनासं झालं.

जावईबापू, म्हणजे त्यांचा मुलगा, हॉस्पिटलमधून परत आले ते दात-ओठ खात. ऑपरेशन रविवारी सकाळी होणार होतं. त्यांनी तंबूतल्या टेबलावर बसून एक कागद तयार केला. वडील नकाशाच्या कामातून कायमचे बाहेर, आणि पुढच्या महिन्यापासून एकटे राहणार नाहीत. स्मृतीची तपासणी होईल आणि वृद्धांच्या एका निवासात त्यांची सोय केली जाईल. रविवारी दोन वाजता स्पर्धेच्या समितीपुढे सही करायची.

"बाबा, तुम्हाला मान्य आहे ना?"

"तू म्हणशील तसं," व्याही म्हणाले.

मला हे पटेना. मी काही डॉक्टर नाही. पण आदल्याच संध्याकाळी या माणसाने मला पत्त्यांत तीनदा हरवलं होतं, आणि मी कुठलं पान कधी टाकलं ते ओळीने सांगून वर चिडवलंही होतं. "विहीणबाई, मोजणी सोडली तशी मोजदादही सोडलीत काय?" असा माणूस एका रात्रीत आपल्या रानातली खाण विसरतो? त्या खाणीला त्यांनी नकाशावर स्वतःच्या हाताने लाल रेघा मारल्या होत्या, इकडे फिरकू नका म्हणून. तीस वर्षांत त्यांचा एकही झेंडा तिच्या जवळपास गेला नव्हता.

आणखी एक गोष्ट मला खुपत होती. ते "मी विसरलो" म्हणाले तेव्हा हरणीकडे बघत नव्हते. खाणीतून नुकतीच वर आलेल्या माझ्या भाचीकडे बघत होते. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

मी स्वतःला समजावलं, सून कामाची निघाली म्हणून बघत असतील. दुसरं काही मनात आणायची माझी तयारीच नव्हती.

"जावईबापू," मी म्हटलं, "तुमच्या वडिलांची झेंड्यांची वही जरा बघू."

"कशाला, मावशी?"

"सवय," मी म्हटलं. "सही करण्याआधी कागद तपासायचा असतो."

३

सेक्रेटरीचा तंबू म्हणजे एक घडीचं टेबल, चार खुर्च्या, याद्यांचे गठ्ठे आणि अर्धवट प्यायलेल्या चहाचे कप. कोपऱ्यात हातात धरून बोलायचा मोठा भोंगा त्याच्या कापडी पिशवीत पडला होता. तो भाचीच्या ताब्यात असे, कारण सूचना द्यायचं काम तिचं. नवऱ्याबरोबर ती याच तंबूत झोपायची आणि तिचं निम्मं सामान त्याच पिशवीत असायचं. शुक्रवारी संध्याकाळी तंबू एका बाजूने गळायला लागला, तेव्हा तिने मोजे, टॉर्च, होकायंत्र, सगळं माझ्या डोळ्यांदेखत भोंग्याशेजारी कोंबलं होतं. "इथे तरी कोरडं राहील," म्हणाली.

वहीत सात नंबरसमोर व्याह्यांचं मोत्यासारखं अक्षर होतं. 'वाटेच्या फाट्यापासून चाळीस अंश. एकशे चाळीस पावलं. मोठ्या खडकाचा पायथा.'

"वहीत बरोबर आहे," जावईबापू म्हणाले. "लावताना विसरले. तेच तर म्हणतोय मी."

"झेंडे रात्री कुठे होते?"

"इथेच, पेटीत, कुलपात. पहाटे पाचला मी बारा झेंड्यांचं पोतं बाबांच्या हातात दिलं. मधे दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. त्यानंतर मी सुरुवातीच्या रेषेवर होतो, तिघांबरोबर. विचारा हवं तर."

मी विचारलं होतं. ते खरं बोलत होते. पण एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली नाही, ती मी उकरून काढली. यंदापासून नकाशाचं काम आपल्याकडे द्यावं म्हणून त्यांनी वडिलांशी दोन महिने वाद घातला होता.

"तुम्हाला म्हणायचंय की मी माझ्या बहिणीला खाणीत पाडलं?" ते उठून उभे राहिले. त्यांच्या घरात सगळे शिडीसारखे उंच, उठले की तंबू लहान वाटायला लागतो. आम्ही मावशी-भाची बुटक्या. त्यांच्या प्रत्येक फोटोत आम्ही दोघी पुढच्या रांगेत, बसायला न सांगताही बसल्यासारख्या दिसतो.

"मी काही म्हणत नाही," मी म्हटलं. "मोजून झाल्याशिवाय मी कधीच काही म्हणत नाही. एक सांगा, हरणीसारखी पोरगी समोर खाण असताना झेंड्याकडे पळत कशी गेली? तिच्या हातात नकाशा होता ना?"

ते खाली बसले.

"बाबांचा झेंडा एकदा नजरेला पडला की ती नकाशात बघत नाही," ते म्हणाले. "म्हणूनच ती जिंकते. बाबांचा झेंडा चुकीच्या जागी असूच शकत नाही, असं लहानपणापासून तिच्या डोक्यात बसलंय."

४

शनिवारी चार वाजता मी एकटीच त्या फाट्यावर गेले. पहाटेचं धुकं केव्हाच गेलं होतं. पहाटे मात्र ते इतकं दाट होतं की तंबूतून बाहेर आल्यावर सूर्य कुठल्या बाजूला उगवतोय तेही कळत नव्हतं.

आधी बरोबर जागा बघावी म्हणून मी जावईबापूंचं होकायंत्र घेऊन चाळीस अंशांवर पावलं मोजत निघाले. थोडा चढ होता, दम लागला. एकशे एकसष्टाव्या पावलाला खडक आला. व्याह्यांच्या वहीत एकशे चाळीस होती, पण ते सहा फुटी माणूस, त्यांचं पाऊल माझ्यापेक्षा लांब पडणारच.

खडकाच्या पायथ्याला एका रोपट्याला निळ्या कागदाची पट्टी बांधली होती. तिच्यावर सात आकडा होता.

ही पट्टी काय भानगड आहे ते मला माहीत होतं, कारण पत्ते खेळताना व्याह्यांनी सांगितलं होतं. स्पर्धेच्या दोन आठवडे आधी ते प्रत्येक जागी नंबराची पट्टी बांधून जातात. स्पर्धेच्या पहाटे पट्टी शोधायची, ती सोडून खिशात टाकायची आणि तिथे झेंडा लावायचा. होकायंत्र ते काढतच नाहीत, पट्टी ते पट्टी जातात. शेवटी खिशात बारा पट्ट्या झाल्या की काम झालं.

सातची पट्टी अजून बांधलेलीच होती. म्हणजे झेंडा आधी इथे लावला आणि मग कुणी दुष्टाव्याने तो खाणीवर नेला, असं घडलेलं नव्हतं. झेंडा इथे कधी आलाच नव्हता. ज्याने तो लावला, त्याने पहिल्यांदाच तो खाणीवर लावला होता, आणि त्याला पट्टीची गोष्ट ठाऊक नव्हती.

मी फाट्यावर परत आले. खडकाकडे पाठ केली आणि जागीच थबकले. खाणीकाठचा तो झेंडा अजून कुणी काढला नव्हता. झाडांमधून तो बरोबर माझ्या नाकासमोर दिसत होता. किंचित डावीकडे नाही, किंचित उजवीकडे नाही. बरोबर उलट दिशेला.

विसराळू माणूस चुकला तर कसाही चुकतो. वाकडा, तिरका, अर्ध्या वाटेत. दोरी धरल्यासारखा सरळ उलटा तो चुकत नाही. आणि मुद्दाम करणाराही अशी सरळ रेघ कशाला मारेल? असं उलटं फक्त एकच चुकतं, आणि ते मी नोकरीत एकदा भोगलं होतं. आमच्या शिपायाने ऑफिसचं होकायंत्र आठवडाभर रेडिओवर ठेवलं. आत लाउडस्पीकरचं लोहचुंबक होतं. काट्याचं उत्तर-दक्षिण फिरलं आणि आम्ही एका माणसाची हद्द त्याच्या शेजाऱ्याच्या विहिरीतून नेली. बोंबाबोंब झाली होती.

ज्याने झेंडा लावला तो सांगितलेलं तंतोतंत करत होता. त्याच्या हातातला काटाच उलटा होता.

आता फक्त अंतर राहिलं. मी झेंड्याच्या दिशेने पावलं टाकायला लागले. शंभर. एकशे वीस. एकशे तीस. समोर मोठा दगड दिसायला लागला, खाणीतून काढून टाकलेला. धुक्यात कुणालाही वाटेल, हाच तो खडक. त्यापलीकडे तीन पावलांवर जमीन संपत होती.

झेंड्याला माझा हात लागला तेव्हा माझी पावलं बरोबर एकशे चाळीस भरली होती. माझी.

५

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी मी मास्तरांना गाठलं. मास्तर शाळेत खेळ शिकवतात. त्यांची बायको दर वर्षी हरणीच्या मागे दुसरी येते आणि या वर्षी हरणी नसल्यामुळे पहिली आली. शनिवारी पहाटे पाण्याचे कॅन ठेवायला मास्तर रानात गेले होते, त्यामुळे काही जणांनी त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघायला सुरुवात केली होतीच. खरं सांगू? मला मनापासून वाटत होतं की मास्तरच चोर निघावेत. देवाकडे मी असलं मागणं पहिल्यांदाच मागितलं.

"मी झेंड्याला हात लावला नाही," मास्तर मला बघताच म्हणाले. "बायकोने तर बक्षीस घेणार नाही म्हणून सांगितलंय. पण लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला."

"माहीत आहे मला. तुम्ही काय बघितलंत तेवढं सांगा."

ते घुटमळले. "म्हाताऱ्या माणसाची अब्रू आहे, मावशी."

"ती आज दोन वाजता जाणारच आहे. बोला."

"सहाच्या सुमाराला मी वर गेलो तेव्हा तुमचे व्याही सहा नंबरपाशी एका ओंडक्यावर बसले होते. पँट वर करून गुडघा चोळत होते. उठायचा प्रयत्न केला, तर परत बसले. अर्ध्या तासाने मी उतरलो तेव्हाही तिथेच. सातला जायला चढ आहे, त्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. मग ते म्हणाले मीच लावला, तेव्हा मला कोडं पडलं. पण त्यांचं गुपित आपण कशाला फोडा?"

"ते एकटेच होते?"

मास्तर माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागले.

"असं काय विचारता? तुम्हीच होतात की त्यांच्याजवळ! धुक्यात पाठमोऱ्या दिसलात, पण तुमची चण काय लपते? मला वाटलं, व्याही-विहीण पहाटे फिरायला निघालेत, आपण कशाला मधे पडा."

पहाटे सहाला मी माझ्या तंबूत घोरत होते.

६

भाची ओढ्यावर भांडी घासत होती. मी तिच्या शेजारी दगडावर बसले.

"तुझं होकायंत्र दाखव."

तिने विचारलं नाही कशाला. हात पुसले, तंबूत गेली, भोंग्याच्या पिशवीतून होकायंत्र काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मी माझ्या दुसऱ्या हातावर जावईबापूंचं ठेवलं आणि दोन्ही हात लांब केले. एकाचं लाल टोक डोंगराकडे होतं, दुसऱ्याचं ओढ्याकडे.

ती त्या दोन काट्यांकडे बघतच राहिली.

"म्हणजे मी बरोबर चालले होते," ती म्हणाली.

"बरोबर चालली होतीस. भोंग्यातल्या लोहचुंबकाने तुझा काटा फिरवला."

"मावशी, मी रात्रभर विचार करतेय. मी काटा बघून चालले, पावलं मोजली, खडक आला, झेंडा लावला. तरी चुकलं कसं? मला वाटायला लागलं होतं, माझ्याच मनात कुठेतरी तसं होतं. मागच्या महिन्यात मी ताईंना सगळ्यांसमोर काय बोलले ते तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. हरणीने तिला जेवणाच्या टेबलावर हिणवलं होतं, 'वहिनीला घरातल्या घरात पण नकाशा लागतो', आणि ही उसळून म्हणाली होती, 'एक दिवस अशा तोंडावर पडाल ना, तेव्हा कळेल.' तिथे पंधरा माणसं होती.

बाकीचं तिने भराभर सांगितलं. ती पहाटे पाणी तापवायला उठली होती. सासरे गुडघ्याला पट्टा बांधून निघालेले तिला दिसले, म्हणून काळजीने मागोमाग गेली. सहा नंबरला त्यांचा पाय अडला. ते म्हणाले, 'तेवढा सातचा लाव आणि हे कुणाला सांगू नकोस, तुझ्या नवऱ्याला कळलं तर मला घरी बसवेल.' तिने अंश आणि पावलं तळहातावर लिहून घेतली. परत आली तेव्हा ते थोडे सावरले होते, बाकीचे पाच सपाटीवरचे होते, ते त्यांनी तिच्या आधाराने लावले.

"निळी पट्टी दिसली नाही तुला? तिथे तर नव्हतीच. पण पट्टी कुठाय, असं मनात आलं नाही?"

"कुठली पट्टी?" तिने विचारलं. आणि मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. "पुढच्या पाच ठिकाणी बाबा काहीतरी सोडून खिशात टाकत होते. मला वाटलं, कचरा. मावशी, त्या घरात ज्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात ना, त्या मला कुणी सांगतच नाही. आणि मी विचारलं तर हसतात."

मला एकदम त्या दगडापलीकडची तीन पावलं आठवली. धुक्यात माझी पोर तिथे एकटी उभी होती. पाय पुढे पडला असता तर खाली ती असती. मी होकायंत्रं पदराखाली घेतली.

"तू सांगायला हवंस," मी म्हटलं.

"सांगितलं तर ते काय म्हणतील? सगळे काय म्हणतील? मुद्दाम केलं म्हणतील." तिने माझं मनगट धरलं. "दोन वाजेपर्यंत वेळ दे. मीच सांगते. तू काही बोलू नकोस. शप्पथ."

मी मान हलवली.

मग मी व्याह्यांकडे गेले. ते तंबूबाहेर खुर्चीत बसून समोर बघत होते. मी म्हटलं, "खिसा उलटा करा." त्यांनी केला. निळ्या पट्ट्या निघाल्या. मी मोजल्या, अकरा.

"सातवी कुठाय?"

"विसरलो."

"व्याही, मला सगळं कळलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची, विहीणबाई. माझं काय राहिलंय आता? तिचा संसार उभा राहायचाय. तुमचीच पोर आहे. तुम्हाला अजून काय समजावू?"

"आणि ते तुम्हाला घरातून काढतील त्याचं?"

ते अगदी हळू म्हणाले, "काल रात्रीपासून एक गंमत झालीय. मी इतक्यांदा म्हटलंय की मीच लावला, की मला आता तो लावताना दिसायला लागलाय. झुडूप दिसतं, हात दिसतो. अजून चार दिवसांनी मला खरं काय ते ठाऊक नसेल."

७

दोन वाजता सेक्रेटरीच्या तंबूत आम्ही आठ जण होतो. समितीचे चौघे, जावईबापू, व्याही, भाची आणि मी. ऑपरेशन झाल्याचा फोन आला होता. हरणी चालू शकेल. पळण्याबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते.

जावईबापूंनी कागद वाचून दाखवला. भाची तंबूच्या खांबाला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघत होते. ती खाली बघत होती.

कागद वाचून संपला. ती बोलली नाही.

व्याह्यांनी चष्मा लावला, पेन उघडलं. ती बोलली नाही. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. तिला बोलायचं होतं, हे मी तिच्या जन्मापासूनच्या ओळखीवर सांगते. पण पेन कागदाला टेकलं होतं.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, तसं नव्हतं ते. दोन्हीकडे माणसं होती, आणि त्यांतलं एक मी वाढवलेलं.

"थांबा," मी म्हटलं.

मग मी सगळं मांडलं. न सोडलेली पट्टी. सरळ उलटी रेघ. व्याह्यांचा अडलेला पाय, जो मास्तरांनी बघितला. पोत्यातला झेंडा त्यांनी स्वतःच्या हाताने दुसऱ्या कुणाला तरी दिला असला पाहिजे, कारण दुसरी वाट नव्हती. शेवटी पावलं. खडकापर्यंत माझी एकशे एकसष्ट आणि झेंड्यापर्यंत एकशे चाळीस. आकडा व्याह्यांचा होता, पण पाऊल आखूड माणसाचं होतं. माझ्याएवढ्या माणसाचं.

"मग लावला कोणी?" समितीतल्या एकाने विचारलं.

मी भाचीकडे बघितलं. तेवढं एक तिने बोलावं म्हणून मी थांबले, नको इतकी थांबले.

"मी वाढवलेल्या मुलीने," मी म्हटलं.

जावईबापूंनी मान वळवून बायकोकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द गेला.

"मुद्दाम?"

मी दोन्ही होकायंत्रं टेबलावर ठेवली, दोघांमधे हातभर अंतर ठेवून, आणि भोंग्याची पिशवी दाखवली. सगळे वाकून बघायला लागले. दोन मिनिटांत सगळ्यांची खात्री पटली. जावईबापू "तसं नव्हतं म्हणायचं मला" असं काहीतरी पुटपुटले. पण तो शब्द तोंडातून गेला होता आणि तिने तो ऐकला होता.

व्याही उठले. इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मी पाठवलं तिला! माझा गुडघा गेला म्हणून. दोष द्यायचाय तर मला दे."

"मला का नाही सांगितलंत, बाबा? मी लावला असता."

"सांगितलं असतं तर हा कागद तू आधीच आणला असतास."

जावईबापूंनी कागदाची घडी घातली आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली. त्यांनी तो फाडला नाही, हे मी बघितलं. पण सही झाली नव्हती.

८

संध्याकाळी पाचला आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. तिसऱ्या मजल्यावरचा कॉरिडॉर, जंतुनाशकाचा वास, भिंतीला लावलेली लोखंडी बाकं. जावईबापू खाली औषधं आणायला गेले होते. व्याही माझ्या शेजारी गुडघा लांब करून बसले होते.

भाची खोलीच्या दाराशी उभी होती. हरणी जागी झाली होती आणि तिने विचारलं होतं, झेंडा कोणी लावला. भाची म्हणाली होती, मीच जाऊन सांगते, दुसऱ्या कुणी आत यायचं नाही.

मी उठून तिच्याजवळ गेले. तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण माझ्याकडे वळलीही नाही.

"मी बोलणार होते," ती म्हणाली.

"मला माहीत आहे ग."

"अजून एक मिनिट थांबली असतीस तर बोलले असते."

"सही झाली असती."

"झाली असती तरी मी नंतर बोलले असते." तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला. "मावशी, तू काही चुकीचं केलं नाहीस. मला सगळं कळतं. पण तू माझी आई असतीस ना, तर गप्प बसली असतीस."

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी बाकावर येऊन बसले. बहीण गेली तेव्हा या पोरीसमोर रडायचं नाही म्हणून जे आवरलं होतं, ते सगळं त्या कॉरिडॉरमध्ये बाहेर आलं. येणारी-जाणारी माणसं बघत होती. व्याह्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्यापुढे धरला.